ताईचं पाचारण

ताई छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम करायची, तेव्हा तिथल्या लोकांनी तिला 'तळटीप' असं नाव ठेवलं होतं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. तो छापखाना औषधांच्या डब्यांमधले कागद छापायचा. तेच ते, एकदा घडी मोडली की पुन्हा बसत नाही असे, डोळे फुटतील इतक्या बारीक अक्षरांचे. ते जगात कुणी वाचत नाही. ताई वाचायची. चौदा वर्षं तिने माणसाला होऊ शकणारे अपाय वाचले. मळमळ, चक्कर, अंगावर पुरळ, क्वचित दृष्टी जाणे, अतिशय क्वचित मृत्यू. एकदा जागा पुरेना म्हणून मालकाने ही शेवटची ओळ गाळायला सांगितली, तर बाई तीन दिवस त्याच्याशी भांडली. "अहो, दहा हजारांत एकाला होतं ते," मालक म्हणाला. "मग त्या एकाने काय करायचं?" ताईने विचारलं. शेवटी अक्षर आणखी बारीक करून ती ओळ बसवली, आणि मालकाने त्या दिवसापासून ताईच्या टेबलाकडे येणंच बंद केलं.

घरात तिला ताई म्हणत, म्हणून आपणही ताईच म्हणू. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत आईचं शिवणयंत्र. आई लोकांचे पडदे शिवून द्यायची, लांब झालेले आखूड करायची, आखूड झालेल्यांना पट्टी लावायची. वडील मुली शाळेत असतानाच गेले. ताईचं लग्न झालं नाही. का झालं नाही याची कारणं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे भरपूर होती, तिच्याकडे एकही नव्हतं. धाकटी तिच्याहून सहा वर्षांनी लहान, केस कापण्याच्या दुकानात कामाला. ताई जितकी मोजून बोलणारी, तितकी ही तोंडाने फटकळ. खुर्चीत बसलेल्या बाईच्या डोक्याला कात्री लावता लावता ती तिच्या सासूची, नणंदेची आणि शेजारणीची खबर काढायची आणि संध्याकाळी घरी येऊन तिघींच्या आवाजात सांगायची. हसून हसून आईच्या हातातली सुई पडायची. पुढे तिने लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका अबोल माणसाशी लग्न केलं आणि दोन गल्ल्या सोडून राहायला गेली.

धाकटीचं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगा होता. चर्चच्या पाळकांना बोलावलं. ते धावत आले, धाकटीच्या उशाशी उभं राहून त्यांनी प्रार्थना केली, पण बाहेर आल्यावर म्हणाले की मुलाचा बाप्तिस्मा झालेला नाही, त्यामुळे चर्चच्या दफनभूमीत विधिपूर्वक माती देता येणार नाही. माणूस वाईट नव्हता. त्याचेही डोळे भरले होते.

"मी काय करू? तसा नियम आहे," ते म्हणाले.

"कुठे लिहिलाय?" ताईने विचारलं.

पाळकांना सांगता येईना. ते म्हणाले, पूर्वीपासून आहे. रुग्णालयाच्या दोन माणसांनी पुठ्ठ्याच्या खोक्यातून मूल नेलं. कुठे नेलं हे विचारायचं भान त्या वेळी कुणालाच राहिलं नाही, आणि नंतर विचारायची कुणाची छाती झाली नाही. धाकटीने त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्यानंतर तिला मूल झालं नाही. त्या मुलाबद्दल ती कधी बोललीही नाही. दुकानात बडबड करायची ती तशीच करत राहिली, म्हणून लोक म्हणाले की चला, सावरली बिचारी.

ताई मात्र सावरली नाही, कारण तिला उत्तर मिळालं नव्हतं. कुठे लिहिलाय? आधी तिने पाळकांच्या कपाटातली नियमांची पुस्तकं मागून आणली. त्यात सापडेना. मग ती पुस्तकं ज्या पुस्तकांचा हवाला देत होती ती शोधली. ती पुस्तकं आणखी जुन्या पुस्तकांकडे बोट दाखवत होती. दोरीचं टोक हाती लागावं आणि ओढत जावं तशी ताई ओढत गेली. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत संध्याकाळचे वर्ग होते ते केले, त्यासाठी एक जुनी भाषा शिकली, मग दुसरी शिकली. आणि चाळिसाव्या वर्षी छापखान्याची नोकरी सोडून ईश्वरविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात जाऊन बसली.

"चाळिशीत लोक गुडघ्यांचं बघतात," आई म्हणाली, "ही देवाचं बघायला निघाली."

वर्गातली बाकीची मुलं पंचविशीतली. त्यांना पाळक व्हायचं होतं आणि रविवारपर्यंत प्रवचन तयार हवं होतं, त्यामुळे ती सगळी घाईत. ताईला कसलीच घाई नव्हती. वाचनालयात खिडकीजवळचं टेबल तिने धरलं. त्या खिडकीची कडी लागत नसे, थंडीत वारा आत यायचा, म्हणून ते टेबल दुसऱ्या कुणाला नको असायचं. सकाळी नऊला ती बसायची आणि ग्रंथपाल किल्ल्या वाजवायला लागला की उठायची. चौदा वर्षांत जे सुख कुठे मिळालं नव्हतं ते तिला त्या टेबलाशी मिळालं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

तिचे मार्गदर्शक म्हणजे सर. वय साठीचं, आवाज इतका हळू की मुलं पुढे झुकून झुकून पाठीची तक्रार करायची. सरांचा एकच नियम होता आणि त्यात ते कुणाचा मुलाहिजा ठेवत नसत. "ज्याचं मत मांडाल," ते म्हणायचे, "तो कबरीतून उठून आला तर त्याने ऐकून मान डोलावली पाहिजे, की हो, मला हेच म्हणायचं होतं. आणि तुमचं स्वतःचं मत त्यात दिवा घेऊन शोधलं तरी सापडता कामा नये." कित्येक मुलांना हे जमायचं नाही. दुसऱ्याचं मत मांडता मांडता त्यांची जीभ वळवळायची आणि आपलं घोडं पुढे दामटायची. ताईला ते पहिल्या दिवसापासून जमलं. तिने प्रबंधाला विषय घेतला तो बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बालकांचं पुढे काय होतं, याविषयी धर्मपंडितांनी काय काय म्हटलं आहे, हा. घरी विचारलं तर सांगायची, "जुन्या लोकांची मतं गोळा करतेय." धाकटीला यापेक्षा जास्त कधी सांगितलं नाही. काढायचा कसा तो विषय? योग्य वेळी सांगू असं ती स्वतःला म्हणत राहिली.

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा सरांनी तिला खोलीत बोलावलं. सेमिनरीत संशोधनासाठी एक जागा निघाली होती. चार वर्षं डॉक्टरेटचं काम करायचं, त्याबरोबर खालच्या वर्गांना शिकवायचं, आणि पुढे बहुतेक तिथेच प्राध्यापक. "तुम्ही अर्ज करा," सर म्हणाले. सर कुणाला असं सांगत नसत. ताईच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. आयुष्यात तिला कशाची हाव सुटली नव्हती, ती त्या क्षणी सुटली.

पण अर्जाबरोबर एक पान लिहून द्यावं लागे. पाचारणाचं निवेदन. पाचारण हा त्या मंडळींचा शब्द. देवाने हाक मारून माणसाला एखाद्या कामाला बोलवायचं, ते पाचारण. पाळक होणाऱ्याचं पाचारण पारखायला चर्चची मंडळी असते. लोक त्याचं बोलणं ऐकतात, तो आजाऱ्याच्या घरी जातो की नाही ते बघतात आणि सांगतात. पण चार भिंतींत बसून पुस्तकं वाचणाऱ्याला देवाने बोलावलंय की त्याला नुसती वाचायची चटक लागलीय, हे कुणी सांगायचं? म्हणून त्याने स्वतःच एका पानात लिहून द्यायचं की मला हे काम का करावंसं वाटतं. ताई आठ दिवस त्या पानाशी झटली. शेवटी तिने धाकटीबद्दल लिहिलं. पुठ्ठ्याचं खोकं, पाळकांचे भरलेले डोळे, कुठे लिहिलाय, सगळं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की हे काम मी माझ्या बहिणीसाठी करते आहे. वाचून सरांनी चष्मा काढून ठेवला. पान जमा झालं. धाकटीला विचारायचं राहून गेलं.

त्याच महिन्यात धाकटीच्या पोटात गाठ निघाली.

निघाली म्हणजे उशिराच निघाली. वर्षभर तिचं पोट दुखत होतं आणि ती दुकानात उभी राहत होती. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, त्याने ताईला सांगितलं, आणि आईला कुणी सांगायच्या आत आईला कळलं होतं. दोन महिन्यांत धाकटी निम्मी झाली. डोळे पिवळे, हातांच्या शिरा वर आलेल्या. रुग्णालयात सहा खाटांच्या खोलीत तिची भिंतीकडची खाट होती. पहिले काही दिवस तिने शेजारच्या बायकांना हसवलं. मग तेही थांबलं.

ताई रोज चारला यायची. सकाळी वाचनालय, दुपारी रुग्णालय. पिशवीत प्रबंधाची पानं असायची आणि धाकटीचा डोळा लागला की ती मांडीवर घेऊन तपासायची. कुणी नावं ठेवतील तर ठेवोत. बसल्या जागी दुसरं करणार काय?

एका दुपारी धाकटी जागी होती. नवरा खाली चहाला गेला होता. उन्हाची तिरीप पायांवर पडली होती.

"ताई," ती म्हणाली, "तू कशावर लिहितेस ते मला माहितीये."

ताईच्या हातातलं पान तसंच राहिलं.

"आईने सांगितलं मागच्या वर्षी. तुझं टेबल पुसताना तिने पहिलं पान वाचलं. मी वाट बघत होते, तू सांगशील म्हणून." तिला दम लागला. ताईने पाण्याचा पेला पुढे केला तर तिने मानेनेच नको म्हटलं. "आता मला सांग. तू सगळं वाचलंयस. तो मला भेटेल का?"

आता इथे दुसरी कुणीही बाई असती तर काय बोलली असती, ते तुम्हाला-मला ठाऊक आहे. खोटं असो, खरं असो, माणूस बोलून जातो. पण ताईने चौदा वर्षं दहा हजारांतल्या एकासाठी ओळ राखली होती, आणि दोन वर्षं सरांच्या हाताखाली काढली होती. शिवाय हा तिच्या लाडक्या बहिणीचा प्रश्न, त्याला थातूरमातूर उत्तर द्यायचं? तिने पान पिशवीत ठेवलं, खुर्ची जवळ ओढली, आणि म्हणाली,

"यावर चार मतं आहेत."

आणि ती चारही तिने सांगितली. आवाज मऊ ठेवून, सोप्या शब्दांत, कुणावर अन्याय न करता. पहिलं मत असं की बाप्तिस्म्याशिवाय दार उघडत नाही, पण अशा मुलांना शिक्षा झाली तरी ती सगळ्यांत सौम्य. ते मत मांडणारे लोक क्रूर नव्हते, हेही तिने समजावून सांगितलं. दुसरं मत असं की त्यांच्यासाठी वेगळी जागा आहे, तिथे दुःख नाही, पण देवाचं दर्शनही नाही. तिसरं, की आईबापांची श्रद्धा मुलाच्या नावे धरली जाते. तिसऱ्याला आधार कुठे कुठे मिळतात ते सांगताना तिला जरा रंगही चढला, कारण त्याच सकाळी सरांनी ते प्रकरण वाचून "उत्तम" असा शेरा दिला होता. चौथं, की हे देवाच्या दयेवर सोडावं आणि माणसाने त्यावर बोलूच नये. धाकटी पिवळ्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होती. शाळेत गणित समजलं नाही की बघायची तशीच.

"आणि तुझं?" तिने विचारलं.

"माझं काय?"

"तुझं मत."

"माझ्या मताला काय अर्थ आहे गं," ताई म्हणाली. "प्रबंधात आपलं मत घालायचं नसतं."

धाकटीने पायांवरच्या उन्हाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं. पडदा ओढ जरा. ऊन येतंय."

ताईने उठून पडदा ओढला. परत येऊन बसली तोवर धाकटीने तोंड भिंतीकडे केलं होतं. तिला झोप लागली असेल असं ताईला वाटलं, किंवा तिने तसं वाटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ताई पोचली तेव्हा खोलीतल्या मावशी धाकटीची चादर बदलत होत्या. त्या रोजच असायच्या. जाडजूड बाई, खाटेवरच्या माणसाला कुशीवर वळवण्यात हात बसलेला, आणि तोंड अखंड चालू. ताई पाण्याची बाटली भरून दारात आली आणि तिथेच थबकली. धाकटीने मावशींनाही तेच विचारलं होतं.

"भेटणार म्हणजे काय, दारातच उभा असेल तो," मावशी चादरीचं टोक खोचत म्हणत होत्या. "कधीचं तुमचं ते?"

"नऊ वर्षं झाली."

"मग नऊ वर्षांचा घोडा झाला असेल आता. तोच ओळखेल तुम्हाला, तुम्हीच चुकाल बघा. कुणाचं तरी भलतंच पोरगं कडेवर घ्याल."

आणि धाकटी हसली. पोट धरून, कळ येत होती तरी हसली. "नऊ वर्षांचं पोर कडेवर घेतं का कुणी," ती म्हणाली.

दारात उभ्या असलेल्या ताईच्या मनात त्या क्षणी काय आलं असेल? तिच्या मनात आलं, की मुलं तिथे वयाने वाढतात का, यावर दोन मतं आहेत. आलं आणि तिचं तिलाच कळलं की काय आलं. बाटली हातात घेऊन ती जिन्यापर्यंत परत गेली, पायरीवर बसली, आणि तिला उठवेना. लोक तिला वळसा घालून जात-येत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास धाकटी गेली. ताई त्या दिवशी सकाळीच आली होती, पण तेव्हा बाहेर व्हरांड्यात फोनवर होती. सरांचा फोन होता, मुलाखतीची तारीख ठरली म्हणून. ती आत आली तेव्हा धाकटीचा नवरा खाटेशी उभा होता. एवढी यंत्रं उघडून बसवणारा तो माणूस, त्याला आपल्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. मावशींनी आधीच धाकटीचे डोळे मिटले होते.

दफनाच्या दिवशी नव्या पाळकांनी ताईला विचारलं, "आपल्यात एवढ्या अभ्यासू तुम्हीच, तर दोन शब्द बोलाल का?" ताईने नुसती मान हलवली. पाळकांना वाटलं, दुःखाने तोंडून शब्द फुटत नाही. तसं म्हणणंही अगदीच चूक नव्हतं.

आईने त्यानंतर आठ दिवस कामाला हात लावला नाही. नवव्या दिवशी शिवणयंत्रावर बसली, कुणाचा तरी राहिलेला पडदा घेतला आणि त्याचा काठ उसवायला लागली. ताई समोर जमिनीवर बसून सुटलेले दोरे गोळा करत होती. तिने आईला सगळं सांगून टाकलं. प्रश्न, चार मतं, मावशींचं बोलणं, जिना. काही लपवलं नाही. लपवणं तिला येतच नव्हतं.

आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुला खरंच काय वाटतं? भेटेल का?"

"मला माहीत नाही, आई."

"मग तेवढंच म्हणायचंस की." आईने दोरा दाताने तोडला. "माहीत नाही गं बाई, म्हणायचंस आणि तिचा हात धरायचास. ती तुला खोटं बोल म्हणत नव्हती. तिला सोबत हवी होती. तू चार परके म्हातारे आणून तिच्या खाटेभोवती उभे केलेस."

  आई पुन्हा काठ उसवायला लागली.

ताईने त्या रात्री विचार केला नाही, सकाळीही केला नाही. विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिने कागद घेतला आणि लिहिलं, की माझा अर्ज मी मागे घेत आहे, माझं पाचारण नव्हतं, चूक झाली. पत्र आईला वाचून दाखवलं आणि पाकिटात घातलं. पण पाकीट टपालात टाकणं तिला भ्याडपणाचं वाटलं. सरांनी शब्द टाकला होता, तेव्हा मुलाखतीला जाऊन, समोर बसून द्यावं असं तिने ठरवलं. छापखान्यात परत घेतील का, हेही तिने मालकाकडे निरोप पाठवून विचारून ठेवलं. मालकाने होकार कळवला. बिचाऱ्याला नंतर तिच्यासारखं कुणी मिळालं नव्हतं.

मुलाखत सेमिनरीच्या बैठकीच्या खोलीत होती. लांब टेबल, त्यावर पाण्याचे झाकलेले पेले, पलीकडे तिघं. मध्ये प्राचार्यबाई, डाव्या हाताला सर, आणि उजवीकडे बाहेरून आलेले परीक्षक, शिडशिडीत, सारखे घसा खाकरणारे. ताई बसली आणि तिने पिशवीत हात घातला. पाकीट बोटांना लागलंही.

तेवढ्यात परीक्षक म्हणाले, "तुमचा प्रबंध वाचला. चांगला आहे. पण तिसऱ्या मताला तुम्ही उगाच डोक्यावर बसवलंय. आईबापांच्या श्रद्धेचा तो मुद्दा फार अलीकडचा. शोकात असलेल्या लोकांची समजूत काढायला पुढे कुणीतरी रचलेला. जुना आधार त्याला काही नाही."

"नाही," ताई म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे आधार आहे. तुम्ही म्हणता त्याच्या कितीतरी आधीचा आहे. मी दाखवते."

पाकिटाऐवजी पिशवीतून प्रबंध बाहेर आला. तिने पान काढून टेबलावर फिरवून त्यांच्यापुढे धरलं. परीक्षकांनी चष्मा लावला. ते म्हणाले, या वचनाचा असा अर्थ लागत नाही. ताई म्हणाली, एकट्याचा लागत नाही, पण त्याच माणसाचं हे दुसरं पत्र बघा. ते बघून त्यांनी दुसरीकडून अडवलं. तिने तिकडूनही वाट काढली. एकदा त्यांनी तिला चांगलंच कोंडीत पकडलं, तेव्हा तिने त्यांचं म्हणणं त्यांच्याहूनही चांगलं मांडून दाखवलं आणि मग त्यातली फट दाखवली. परीक्षक घसा खाकरायचे विसरले. प्राचार्यबाई खुर्ची पुढे घेऊन बसल्या. सर खाली मान घालून हसू दाबत होते. खोलीत कुणी पाणी प्यायलं नाही. ताईचे डोळे चमकत होते, हात हलत होते, आवाज कधी नव्हे इतका मोकळा लागला होता. चाळीस मिनिटं गेली.

मग प्राचार्यबाईंनी फाइल चाळून एक पान वर घेतलं. "हे फार मनापासून लिहिलंयत तुम्ही," त्या म्हणाल्या. "एक विचारते. तिला वाचून दाखवलंत का हे काम कधी?"

"कोणाला?" ताईने विचारलं.

तिला खरोखर कळलं नव्हतं.

"तुमच्या बहिणीला," प्राचार्यबाई म्हणाल्या.

टेबलावर उघडा पडलेला प्रबंध ताईने हळूच मिटला. "ती गेली," ती म्हणाली. "आज अठरा दिवस झाले."

सरांनी ही गोष्ट बाकीच्या दोघांना सांगितली नव्हती. प्राचार्यबाईंनी पान खाली ठेवलं.  मग परीक्षकच म्हणाले, अगदी हळू, आणि चांगल्या मनाने म्हणाले, "तरीही तुम्ही आलात. असं बोललात. बाई, याला पाचारण नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?"

जागा तिला मिळाली, हे तिला तिथेच सांगितलं. तिने नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि खोटं बोलायला ती कधी शिकलीच नव्हती. बोलावणं खरं होतं. अठरा दिवसांत पहिल्यांदा चाळीस मिनिटं तिला काहीही दुखलं नव्हतं, आणि धाकटी नावाची कुणी होती हे तिच्या ध्यानातही नव्हतं. देवाने हाक मारली की माणूस मागे वळून बघत नाही, असं वर्गात पोरं मोठ्या कौतुकाने वाचायची. ते कसं असतं ते ताईला कळलं. तिला त्याची भीती वाटली.

घरी आई शिवत होती.

"दिलंस का पत्र?"

"नाही."

आईने यंत्राचं चाक हाताने थांबवलं. ताई उंबऱ्याशीच उभी राहिली आणि तिने हेही सांगितलं. परीक्षकांचं बोलणं, चाळीस मिनिटं, "कोणाला?" सांगताना ती रडली. आई रडली नाही.

"मग जा," आई शेवटी म्हणाली. "तुला येतं ते कर. मी आडवी येणार नाही. फक्त तिच्यासाठी करतेस, असं कुठे लिहू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई सेमिनरीच्या कार्यालयात गेली आणि तिने तिथल्या कारकुनाकडे आपलं निवेदन परत मागितलं. दुरुस्ती आहे म्हणाली. कारकून कुरकुरला, पण त्याने फाइल काढून दिली. ताईने जुनं पान काढून घडी करून पिशवीत टाकलं. मग खिडकीशी उभी राहून तिने कोऱ्या कागदावर लिहिलं, "मला हे काम येतं, आणि ते करताना मला दुसरं कुणी आठवत नाही." खाली सही केली, तारीख घातली.

कारकुनाने कागद घेऊन उलटा करून पाहिला.

"एवढंच?" त्याने विचारलं. "पान भरायचं असतं, बाई."

"एवढंच आहे," ताई म्हणाली.

त्याने शिक्का मारला.